पोत्याबाहेरचं टिपरू

माझ्या मुलीच्या उजव्या हाताची दोन हाडं मी मोडली. ती स्कूटीवरून पडली नव्हती. चंदीगडमधल्या आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी माणसांना, तिच्या क्लासच्या सरांना, गावी माझ्या भावाला आणि कितीतरी दिवस तिच्या आईलासुद्धा वाटत होतं की ती पडली. तसं वाटू दिलं ते मी. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, नाहीतर पुढे पुढे ढकलत जाईन. ढकलण्यात मी हुशार आहे.

मी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागाचा प्रमुख आहे. कारखाना बद्दीला, डोंगरांच्या पायथ्याशी, घर चंदीगडला. रोज पिंजोरच्या पुढे ट्रकांच्या मागे सरपटत जायचं आणि सरपटत यायचं. त्या वर्षी कारखान्याच्या तपासणीसाठी परदेशातून माणसं येणार होती. त्यांचं समाधान झालं नाही तर कुणाच्या तरी नोकऱ्या जाणार हे ठरलेलं होतं. कुणाच्या ते उघड कुणी बोलत नव्हतं. पण गोळी बाहेर पाठवायला हरकत नाही अशी शेवटची सही माझी असते. मुंबईच्या मुख्य कार्यालयातले साहेब माझी आंघोळ व्हायच्या आधी फोन करायचे, जेवताना करायचे, गाडी चालवताना करायचे. ते ओरडायचे आणि मी "जी सर, पक्का सर" म्हणायचो. कारखान्यातले पंजाबी सहकारी माझं कौतुक करायचे, "साडे मराठा साब बडे ठंडे बंदे ने."

हा ठंडा बंदा घरी आला की बुटांचं कपाट लाथेनं बंद करायचा. एकदा फोनचा चार्जर भिंतीतल्या सॉकेटसकट उपटला. एकदा भरलेला स्टीलचा पेला भिंतीवर मारला. भिंतीला अजून पोचा आहे. पिंजोरजवळ एका मोटरसायकलवाल्यानं कट मारला म्हणून मी गाडी आडवी घालून उतरलो आणि त्याची कॉलर धरून त्याला गदागदा हलवलं. मागं त्याची बायको बसली होती, तिच्या मांडीवर बाळ. बाळ रडायला लागलं तेव्हा माझे हात सुटले.  त्या बाईनं ओढणी बाळाच्या तोंडावर ओढून घेतली, जणू मी म्हणजे उन्हाची झळ.

घरी येऊन हे मी बायकोला सांगितलं. तेवढा प्रामाणिकपणा तेव्हा माझ्यात होता. ती म्हणाली, "अहो, कुठंतरी जाऊन काहीतरी बडवून या. नाहीतर एक दिवस आम्हाला बडवाल."

ती हसत म्हणाली होती.

चंदीगडमध्ये दर वर्षी गणपतीसाठी मराठी लोकांचं ढोल-ताशा पथक उभं राहतं. बदलीवर आलेली हवाई दलातली आणि सैन्यातली कुटुंबं, शेजारच्या मोहालीत, सेक्टर सदुसष्टमध्ये औषधशास्त्र शिकणारी लातूर-नांदेडकडची मुलं आणि माझ्यासारखे नोकरीपायी इकडेच मुरलेले लोक. रविवारी सकाळी एका मोकळ्या मैदानावर सराव. पथक चालवायच्या त्या एक वहिनी, कोल्हापूरच्या, नवरा हवाई दलात. गळ्यात ताशा अडकवला की त्या नवऱ्यापेक्षा मोठ्या अधिकारी वाटायच्या.

मी आणि माझी मुलगी एकाच दिवशी पथकात गेलो. ती ताशा शिकायला लागली, मी ढोल. ढोल कमरेला बांधतात. डाव्या हातानं थापी मारायची आणि उजव्या हातातल्या टिपरूनं ठोका. टिपरू म्हणजे हातभर लांबीची लाकडी काठी, टोकाला जरा जाड. पहिल्या दिवशी मी ढोलावर जे काही केलं त्याला वाजवणं म्हणता येणार नाही. ताशा थांबला, बाकीचे थांबले, मी थांबलो नाही. माझ्या डोळ्यांसमोर साहेबांचं तोंड होतं आणि मी ते फोडत होतो. प्रत्येक ठोका खांद्यातून छातीत उतरत होता आणि मला इतकं बरं वाटत होतं की डोळ्यांत पाणी आलं.

"काय ओ भावजी," वहिनी ओरडल्या, "ढोल वाजवाय आलाय का जीव घ्याय?"

सगळे हसले. मीही हसलो. मुलगी लाजून दुसरीकडे बघत होती. ती मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते. "बाबा, चिल," ती म्हणाली, "ढोल ने क्या बिगाडा है आपका?"

सराव संपला की सगळ्यांनी आपापलं टिपरू एका पोत्यात टाकायचं असा पथकाचा नियम होता. वहिनी पोत्याचं तोंड धरून उभ्या राहायच्या. "टिपरू घरला न्यायचं न्हाई. हितला जोर हितंच ऱ्हाऊ दे. घरात भांडाण झालंच तर लाटणं हाय की!" हा विनोद दर रविवारी व्हायचा आणि दर रविवारी बायका हसायच्या.

मी टिपरू घरी नेलं. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी असेल, बाहीत सरकवून गाडीत आणून ठेवलं. पोत्यात इतकी असायची, एकाचा पत्ता कुणाला लागणार? मी स्वतःला सांगितलं की आठवडाभर हात चालता ठेवायला हवा. खरं कारण हे की रविवारपर्यंत थांबणं मला जमत नव्हतं. साहेबांचा फोन संपला की मी गाडी कडेला घ्यायचो आणि शेजारच्या सीटवर टिपरू हाणायचो. मग डॅशबोर्डवर. डॅशबोर्डला तडा गेला तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, ये डंडा गाडी में क्यों घूमता है? नाके पे पुलिस को क्या बोलोगे, गणपति बाप्पा मोरया?" मी हसून वेळ मारून नेली. काही दिवसांनी टिपरू गाडीतून घरात आलं. उशीवर मारलं, मग पलंगाच्या कडेवर, मग आतल्या खोलीच्या दारावर. दाराला खड्डे पडले. बायको माहेरी बोलताना म्हणायची, "ढोलामुळे हे बरेच शांत झालेत." मला वाटायचं, राग बाहेर पडतोय. प्रत्यक्षात माझ्या हाताला मारायची गोडी लागत होती आणि मारायची जागा दर आठवड्याला माणसांच्या जवळ येत होती.

मुलीची तेव्हा बारावी झाली होती. तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं. या शहरात वाढलेल्या मुलांना सरळ रेषा आणि कोरं काँक्रीट बघून काय वाटतं ते मला कळत नाही, पण तिला लहानपणापासून इमारतींपुढे थांबून बघायची सवय. सेक्टर चौतीसमधल्या क्लासला ती स्वतःच्या स्कूटीवर जायची. चित्रांची प्रवेशपरीक्षा पुढच्या महिन्यात होती.

तो रविवार. सकाळी सराव झाला होता. बायको अपनी मंडीत भाजी आणायला गेली होती. मुलगी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून एका जिन्याचं चित्र काढत होती. मी फोनवर होतो. आदल्या दिवशी कारखान्यात वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही आणि थंड खोलीत ठेवलेले गोळ्यांचे नमुने गरम झाले. तपासणीला येणारे हेच नमुने मागणार होते. साहेबांनी सगळ्या विभागप्रमुखांना एकत्र फोनवर घेतलं होतं आणि सगळ्यांच्या देखत ते मला विचारत होते, "तुम वहाँ पहाड देखने बैठे हो क्या? तनख्वाह किस बात की लेते हो?"

मुलगी विचार करताना टेबलावर पेन्सिल वाजवते. ताशाचा ठेका. तडतड तडतड.

"बंद कर," मी म्हणालो.

"सॉरी." थांबली. थोड्या वेळानं तिची नजर जिन्यावर गेली आणि पेन्सिल पुन्हा सुरू.

"बंद कर म्हणतो ना!"

"सॉरी, सॉरी, पता नहीं चला."

साहेब म्हणत होते की बायको-मुलीला घेऊन गावी जाऊन शेती करावी, हे काम मला झेपणारं नाही. कुणीतरी फोनवर खुदकन हसलं. पेन्सिल तिसऱ्यांदा वाजली. मी फोनचा आवाज पलीकडे जाणार नाही असं बटण दाबलं. म्हणजे तेवढं भान मला होतं. सोफ्यावरचं टिपरू उचललं, टेबलाशी गेलो आणि मारलं.

पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होतो की मी टेबलावर मारलं आणि तिचा हात मध्ये आला. ते खोटं आहे. ढोल वाजवणाऱ्याला टिपरू कुठं पडणार हे कळत असतं. मी पेन्सिल धरलेल्या हातावर मारलं. पूर्ण खांद्यातून, जसं ढोलावर मारायचो तसं.

आवाज ओली फांदी मोडल्यासारखा झाला. ती ओरडली नाही. हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाबा?" एवढंच म्हणाली. प्रश्न विचारल्यासारखं. जणू मारणारा दुसराच कुणी होता आणि ती मला बोलावत होती.

फोनमधून साहेब विचारत होते, "सुन रहे हो?" मी बटण दाबलं. "जी सर. नेटवर्क चला गया था सर." आणि मी जनरेटरबद्दल बोललो. तो फोन मी पूर्ण केला. त्या वेळात ती खुर्चीवरून घसरून जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला, उजवा हात डाव्या हातात धरून, आवाज होऊ नये म्हणून ओठ चावत. माझा फोन चालू होता म्हणून.

फोन संपल्यावर मी बर्फ आणला.  मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मम्मी को बोलेंगे स्कूटी स्लिप हो गई. वो आपको छोडेगी नहीं." मी "नको" म्हणायला हवं होतं. मी मान हलवली. मग खाली पार्किंगमध्ये गेलो. तिची स्कूटी स्टँडवर नीट उभी होती, आदल्याच दिवशी पुसलेली. लाथ मारून पाडली. आरसा फुटला नाही म्हणून टाचेनं फोडला. उजव्या बाजूचा रंग निघावा म्हणून फरशीवर खरखर ओढली. माणसाच्या हातून रागात एक गुन्हा घडतो, हे लोक समजून घेतील. स्कूटीजवळ मी रागात नव्हतो.

हाडांचे डॉक्टर धिप्पाड सरदारजी होते. कशी पडलीस, ते विचारत होते. "किद्दां डिग्गी, पुत्तर?"

"गोल चक्कर पे, अंकल. रेत पडी थी."

आमच्या घराजवळचाच गोल चौक तिनं निवडला. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, दोन ठिकाणी बोट ठेवलं. ती एकच गोष्ट विचारत राहिली, "पेन्सिल कब पकड सकूँगी?" ते म्हणाले, "देखदे आं." प्लास्टर घातलं.

बायकोनं त्याच संध्याकाळी स्कूटीची किल्ली काढून घेतली. "कितीदा सांगितलं, चौकात हळू घे. आता ऑटोनं जायचं." मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं.

त्यानंतर ती डाव्या हातानं रेघा ओढायला शिकत होती. वाकड्या, लहान मुलासारख्या. कागद चुरगळून फेकायची, पुन्हा नवा घ्यायची. मी टेबलाशी जाऊन बसलो की तिचे दोन्ही हात टेबलाखाली जायचे. मुद्दाम नाही. तिला ते कळतही नसावं. मीठ पुढं करायला मी हात लांब केला तरी जायचे.

परीक्षेच्या आधी थोडेच दिवस प्लास्टर निघालं. बोटं मिटत नव्हती. मी तिला केंद्रावर सोडलं, बाहेर उन्हात थांबलो. ती आली. "कसं गेलं?"

"आधा पेपर सफेद छोड के आई."

त्या वर्षी तिला प्रवेश मिळाला नाही. परदेशी पाहुणे मात्र येऊन गेले आणि खूश होऊन गेले. साहेबांनी फोनवर मला शाबासकी दिली. मी "थँक्यू सर" म्हणालो, गाडीतून उतरलो आणि रस्त्याच्या कडेला ओकलो.

टिपरू मी गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या खाली दडपून ठेवलं होतं. सरावाला जातच होतो. तिथलं टिपरू घेऊन आणखी जोरात वाजवत होतो. एकदा ढोलाच्या तोंडावरचं पान फाटलं, एकदा माझा डावा तळवा फुटून पांढऱ्या कुडत्यावर रक्ताचे ठिपके उडाले. मुलं ओरडली, "काका, एक नंबर!"

गणपती जवळ आले तेव्हा मुलगी पुन्हा सरावाला आली. ताशाच्या बारीक काड्या हातात घेतल्या. पहिल्याच आवर्तनात उजवी काडी बोटांतून सुटली आणि लांब जाऊन पडली.

लातूरचा एक विद्यार्थी म्हणाला, "ए, गाडीचं हँडलपण असंच सोडलं होतं का गं?"

"न्हाई रे," वहिनी म्हणाल्या, "तिनं फूटपाथवर चढवली आसंल. मुलींच्या हातात गाडी म्हंजे..."

सगळे हसले. प्रेमानंच हसले. आणि मी हसलो. हे मला सगळ्यात जड जातं लिहायला. चारचौघांत वेगळा दिसू नये म्हणून मी त्यांच्याबरोबर हसलो. मुलीनं वाकून काडी उचलली, डाव्या हातानं.

परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. गोल चौक आला, आम्ही वळसा घातला.

"आप भी हँसे," ती म्हणाली.

मी गाडी कडेला घेतली. ती दचकून दाराला चिकटली. पूर्वी गाडी कडेला घेतली की मी काय करायचो ते तिला माहीत होतं. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि ते तिथून हलवले नाहीत. "मी काय करू, बेटा?"

"मुझसे मत पूछो. आपको पता है."  मग एकदम रडत ओरडली, "चाबी दिलवा दो मेरी! मैं ठीक चलाती हूँ! मैं कभी नहीं गिरी! सब मुझपे हँसते हैं, मम्मी भी रोज सुनाती है, और मैं बोल भी नहीं सकती!" तिच्या आवाजानं गाडीच्या काचा थरथरल्या. "सबके सामने बोलो. जैसे सबके सामने हँसे."

घरी बायको भाकरी थापत होती. मी ओट्याशी उभा राहून सांगितलं. सगळं, फोन पूर्ण केल्याचं आणि आरसा टाचेनं फोडल्याचंही. आमच्या संसारात तिनं मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "तू?" ती म्हणाली. पिठाचे हात तिनं माझ्या छातीवर मारले, मुठींनी, पुन्हा पुन्हा. मी मागे सरलो नाही. मग तिनं तवा सांडशीसकट फरशीवर भिरकावला. "मी तिची किल्ली काढून घेतली रे! रोज तिला बोलले! तुझ्यामुळं मी माझ्या पोरीला बोलले!" अर्धवट भाजलेली भाकरी फरशीवर पडली होती. तिनं किल्ली डब्यातून काढून मुलीच्या ओंजळीत ठेवली आणि तिचा तो हात दोन्ही हातांत धरून तिथंच खाली बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज इथं जेवायचं नाही." मी गाडीत जाऊन बसलो.

त्या आठवड्यात मी एका मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. अजून जातो. साहेबांना सांगितलं की रविवारी फोन घेणार नाही. त्यांनी आरडाओरडा केला, पण आभाळ कोसळलं नाही. इतकं सोपं होतं ते, आणि ते न बोलण्यासाठी मी माझ्या पोरीचा हात मोडला. ढोल मी सोडला. दोष ढोलाचा नाही. त्या मैदानावर माझ्याइतकेच गांजलेले लोक होते, आणि सराव संपला की ते टिपरू पोत्यात टाकून मोकळ्या हातानं घरी जात होते.

पुढच्या रविवारी मुलगी स्वतःच्या स्कूटीवर मैदानावर गेली, मागे तिची आई. मी सराव संपायच्या सुमारास पोचलो. वहिनी पोतं धरून उभ्या होत्या. मी डिकीतून टिपरू काढून नेलं.

"हे कुठं घावलं भावजी? कवाधरनं एक कमी हाय म्हणत हुते मी."

"मी नेलं होतं घरी," मी म्हणालो. "वहिनी, जरा सगळ्यांना थांबवा."

मुलं घाम पुसत जमली.  मुलगी स्कूटीजवळ हेल्मेट घालूनच उभी होती, वरची काच खाली केलेली, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता. मी तिच्याकडे बघून बोललो.

"ही गाडीवरून पडली नव्हती. गाडी ती चांगली चालवते, एकदाही पडलेली नाही. ह्या टिपरूनं मी तिच्या हातावर मारलं. चुकून लागलं नाही, मी मारलं. तिनं मला वाचवायला खोटं सांगितलं, आणि मी इतके दिवस तिला ते ओझं वाहू दिलं. तुम्ही हसलात तेव्हा मीही हसलो."  टिपरू माझ्या हातातच होतं. ते पोत्यात टाकलं. "बेटा, माझं चुकलं. तुझा हात, तुझी परीक्षा, तुझं नाव, तिन्ही मी मोडली. तू मला माफ करावंस म्हणून हे बोलत नाही. तुझा हात माझ्यासमोर टेबलाखाली जातो, तो जाऊ दे. जोपर्यंत जाईल तोपर्यंत जाऊ दे. मी मारणार नाही. मला माफी मागायची आहे, तेवढी मागतो. चुकलो."